खडकवळणचं उलटं हॉस्पिटल

"हिवाळा ही रुग्णालयाच्या चारित्र्याची परीक्षा असते," असं मी जिल्हा आढावा बैठकीत उभं राहून म्हणालो. वाक्य मी आदल्या दिवशीच तयार करून ठेवलं होतं. जिल्हा शल्यचिकित्सकांनी चष्मा वर सरकवून माझ्याकडे पाहिलं. मागच्या रांगेतल्या दोघांनी ते वाक्य उतरवून घेतलं. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. बायकोचा निरोप होता : आई बॅग भरतायत.

मी खाली बसलो.

आई बॅग भरत होती म्हणजे खडकवळणला निघाली होती. माझ्या आईला जुना दमा. थंडी पडली की तिची छाती भरायची आणि थोडे दिवस तिला दवाखान्यात ठेवावं लागायचं. मी दरेवणीच्या सरकारी ग्रामीण रुग्णालयाचा वैद्यकीय अधीक्षक. आमचं क्वार्टर रुग्णालयाच्या आवारातच होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारली तर वॉर्डातली सिस्टर ओ देईल, इतकं जवळ. आणि माझी आई, अधीक्षकाची सख्खी आई, आधीचे दोन हिवाळे एसटीत बसून शेजारच्या तालुक्यातल्या खडकवळणच्या रुग्णालयात जाऊन दाखल झाली होती. पहिल्या वर्षी निमित्त होतं. ती भाचीकडे गेली होती आणि तिथंच दम लागला. दुसऱ्या वर्षी निमित्त नव्हतं.

खडकवळणचा अधीक्षक मुकुंद बच्छाव. तो माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसून समोसा खात होता.

"काकू निघाल्या वाटतं," तो माझ्या फोनकडे न बघता म्हणाला.

"तुला कसं कळलं?"

"काल फोन आला होता त्यांचा. कॉट ठेव म्हणाल्या. ठेवलीय." त्यानं समोशातली मिरची बाजूला काढली. "वाक्य चांगलं होतं रे तुझं. चारित्र्याचं."

माझ्या आईला माझा मोबाईल नंबर पाठ नव्हता. बच्छावचा होता.

आम्ही दोघं एकाच मेडिकल कॉलेजचे, एकाच बॅचचे. मेडिसिन या विषयात मी विद्यापीठात चौथा आलो होतो. बच्छाव त्याच विषयात दुसऱ्या खेपेला सुटला. त्याचं वैद्यकीय ज्ञान मी जवळून पाहिलेलं आहे, कारण परीक्षेच्या आधी ते मीच त्याला दिलं होतं. पुढं नोकरीतही आम्ही शेजारशेजारच्या तालुक्यांत आलो, आणि मला वाटलं, चला, आता तुलना करायला लोकांना सोपं जाईल. लोकांनी केली नाही. आईनं केली.

त्यात त्याचं ते हॉस्पिटल. दोन्ही रुग्णालयं एकाच वर्षी, एकाच सरकारी नकाशावरून बांधलेली. नकाशात रस्त्याच्या बाजूला पोर्च, मग ओपीडी, ऑफिस आणि अधीक्षकांची खोली; मागच्या अंगाला वॉर्ड, आणि वॉर्डाच्या मागे कपडे वाळत घालायला एक लांबलचक ओटा. दरेवणीला सगळं असंच झालं. खडकवळणच्या कंत्राटदारानं नकाशा उलटा धरला. त्यामुळे तिथं रस्त्यानं जाणाऱ्याला आधी दिसतो तो ओटा आणि त्यावर वाळणाऱ्या चादरी. पोर्च मागे ज्वारीच्या शेताकडे तोंड करून उभा. पाटीही तिकडेच. उद्घाटनाला आलेले पाहुणे म्हणे थेट बाळंतिणींच्या वॉर्डात शिरले होते. हा किस्सा मी जिल्ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक बैठकीत सांगायचो. 'उलटं हॉस्पिटल' हे नाव माझंच. बच्छावही त्यावर हसायचा. त्याची ही सवय मला सर्वांत कमी आवडायची.

घरी पोचलो तर आई पलंगावर बसून लोकरीच्या मोज्यांची जोडी जुळवत होती. बॅगेत दोन लुगडी, स्वेटर, कानटोपी, शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा.

"लाडू कुणाला?"

"मुकुंदाला आवडतात."

मी बॅग उचलून कपाटावर ठेवली. "अजून दिवाळी व्हायचीय. थंडी कुठंय?"

"नंतर जागा मिळत नाही. हलिमाबी आधीच जाऊन बसते."

"ही हलिमाबी कोण?"

"तुला नाही माहीत. तीपण दम्याचीच."

म्हणजे आईचं तिकडे एक वेगळं आयुष्य होतं आणि त्यातल्या माणसांची नावं मला माहीत नव्हती. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो.

"आई, तिथं असं काय आहे जे इथं नाही? औषध तेच आहे. दोन्हीकडे एकाच गोडाऊनमधून येतं. वाफेचं मशीन तेच आहे."

"मी कुठं म्हटलं औषध वेगळंय."

"मग?"

तिनं मोज्यांची जोडी एकात एक घालून बॅगेत ठेवली. "तिथं बरं वाटतं."

"बरं वाटतं हे काही कारण नाही."

"दवाखान्यात जायचं तेच असतं ना रे कारण?"

आतून माधवीचा, माझ्या बायकोचा, भांडी घासता घासता हसल्याचा आवाज आला. तिनं ते खोकण्यात बदललं.

"तुला कल्पना आहे का," मी म्हणालो, "अधीक्षकाची आई दुसऱ्याच्या दवाखान्यात जाते म्हटल्यावर लोक काय म्हणत असतील?"

"काय म्हणतात?"

"तोंडावर कोण म्हणेल?"

"मग तू कशाला मनाला लावून घेतोस."

माधवी पदराला हात पुसत दारात आली. "आई, यांना एवढं लागतंय तर यंदा एकदा इथं राहून बघा. नाही जमलं तर जा."

आईनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. लहानपणी मी रडत घरी आलो की ती आधी गुडघा बघायची आणि मग तोंड, तसंच.

"नाही जमलं तर?"

"मी स्वतः खडकवळणला सोडून येईन."

"तुझ्या गाडीनं?"

"माझ्या गाडीनं."

"मग लाडू तरी पाठवून दे मुकुंदाला," ती म्हणाली आणि कपाटावरची बॅग मलाच खाली काढायला लावली.

लाडू घेऊन मीच गेलो. कारण उघड होतं. शत्रूची तयारी डोळ्यांनी बघितल्याशिवाय आपली करता येत नाही. ओपीडी संपवून निघालो, रस्ता खराब, पोचेपर्यंत सूर्य डोंगराआड गेला होता. नेहमीप्रमाणे ओट्यापाशी, वाळत्या चादरींआड गाडी लावली, नेहमीप्रमाणे वळसा घालून शेताच्या बाजूनं आत गेलो.

बच्छावनं लाडू तिथंच फोडला आणि मला वॉर्ड दाखवायला घेतला. मी मनात टाचणं करत होतो. खिडकीच्या दोन काचा फुटलेल्या. त्या जागी जुने एक्स-रे चिकटवलेले. मावळतीच्या उजेडात त्यात कुणाच्या तरी फासळ्या दिसत होत्या. चादरी चार रंगांच्या, चार देणगीदारांच्या. वाफेची मशिनं दोन, त्यातलं एक चालू करताना सिस्टरनं त्याला वरून थापट मारली. हीटर एकही नाही. भिंतीला ओल. मला फार बरं वाटलं.

इतक्यात दोन वॉर्डबॉय बाहेरून एक लोखंडी कॉट उचलून आत घेऊन आले. मग दुसरी. मग तिसरी. गाद्यांसकट.

"कॉट बाहेर कशाला काढल्या होत्या?"

"रोजच काढतो," बच्छाव म्हणाला. "सकाळी बाहेर, संध्याकाळी आत. वॉर्डबॉय शिव्या देतात मला."

ढेकूण. मी मनात टाचण केलं. दुसऱ्याच्या ढेकणांविषयी बोलणं सभ्यपणाचं नाही. पण परतीच्या वाटेवर मी गाडीत गुणगुणत होतो, असं ड्रायव्हरनं नंतर माधवीला सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून मी हिवाळ्याची तयारी सुरू केली. आमच्याकडची थंडी ज्यांना माहीत नाही त्यांना सांगायला हवं, की द्राक्षाच्या बागांत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात अशी ती असते. डिसेंबर-जानेवारीत दम्याची म्हातारी माणसं, न्यूमोनियाची लहान मुलं आणि छातीत दुखणारे मधल्या वयाचे लोक, तिन्ही एकदम येतात. तीस कॉटचा दवाखाना; एका कॉटवर दोघं, खाली सतरंजीवर तिसरा. म्हणजे तयारी करायला हवीच होती. ती दर वर्षीच करायला हवी होती. पण दर वर्षी मला इतकं नेमकं कारण नव्हतं.

बैठका माझ्या खोलीत व्हायच्या. त्या खोलीत हिवाळ्यात सकाळपासून इतकं ऊन यायचं की समोरचा कागद वाचता येऊ नये, म्हणून मी जाड निळे पडदे लावून घेतले होते. पडदे ओढून, ट्यूब लावून आम्ही थंडीवर चर्चा करायचो.

"वॉर्डात वारा कुठून कुठून येतो?" मी पहिल्याच बैठकीत विचारलं.

"सगळीकडून," सिस्टर लोखंडे म्हणाल्या. त्या आमच्या इन्चार्ज सिस्टर. बावीस वर्षं नोकरी, आणि माझ्याआधीचे अधीक्षक त्यांनी एकेक करून निरोप देऊन घालवलेले. "मागचा ओटा आहे ना सर, तिकडून तर थंडी चालत येते."

"तो बंद करा."

ओट्याकडची दारं बंद झाली. खिडक्यांना बाहेरून जाड प्लास्टिक ठोकलं. तेलाचे चार हीटर मिळवले. त्यातले दोन साखर कारखान्याच्या चेअरमनकडून, त्यांच्या सासऱ्यांचा हर्निया मी वेळेवर ओळखला होता म्हणून. वाफेची मशिनं सहा झाली. ऑक्सिजन बनवणारी दोन यंत्रं जिल्ह्याच्या स्टोअरमध्ये खोक्यात पडून होती, ती मी तिथं खुर्ची टाकून बसून आणली. ब्लँकेटं सगळी एकाच रंगाची, लाल. गरम पाण्यासाठी गच्चीवर सोलर. परिचारिकांना वाफ कशी द्यायची याचं प्रशिक्षण, जे त्यांना आधीपासून येत होतं. रुग्ण एकदम वाढले तर काय करायचं याची रंगीत तालीम. तीत वॉर्डबॉयनं दम लागलेल्या म्हाताऱ्याचं काम इतकं मनापासून केलं की ओपीडीतल्या एका बाईनं त्याला स्वतःचा बाम लावला. शेवटी दारावर पाटी चढली : हिवाळी श्वसन कक्ष.

"सर, एवढं कुणासाठी?" सिस्टर लोखंडेंनी पाटी सरळ आहे का बघता बघता विचारलं.

"रुग्णांसाठी."

"तसं नाही. कोणी मोठं माणूस येणार आहे का?"

"नाही."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी पडद्यांना इस्त्री करून घेतली असती."

संध्याकाळी मी आईला हात धरून तो वॉर्ड दाखवला. तिनं ब्लँकेट हातात घेऊन बघितलं. हीटरवर तळवा धरला. प्रत्येक कॉटपाशी थांबली.

"छान केलंस," ती म्हणाली.

"बच्छावकडे हीटर आहे?"

"नाही रे बाबा. त्याच्याकडे कुठून येणार."

"एकसारखी ब्लँकेटं?"

"नाही."

"मग?"

"छानच केलंस, म्हटलं ना."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे तिला दम लागला. लिहायला संकोच वाटतो, पण उठताना मला जी पहिली गोष्ट जाणवली ती भीती नव्हती. ती आता माझ्या कक्षात येणार, याचा आनंद होता. तिचे ओठ निळसर दिसल्यावर मात्र बाकीचं सगळं डोक्यातून गेलं. माधवीनं एक खांदा धरला, मी दुसरा. आवार ओलांडून आम्ही तिला कक्षात आणलं. ऑक्सिजन, वाफ, इंजेक्शन. यंत्रं चालली. सिस्टरांचे हात चालले. उजाडेपर्यंत आई उशीला टेकून बसली आणि चहा मागितला. एवढं बिनचूक काम माझ्या दवाखान्यात मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मनात आलं, बच्छाव हे बघायला हवा होता.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दम उतरला, पण आईही उतरली. जेवण निम्मं टाकलं. कानटोपी काढेना. हीटर पायाशी आणला तर म्हणाली, कोरडं पडतं तोंड. शेजारच्या कॉटवरच्या बाईला साहेबांची आई म्हणून इतका धाक, की ती खोकला आला तरी तोंड भिंतीकडे वळवून, परवानगी घेतल्यासारखी खोकायची. मला वाटलं, सापडलं. आईला बोलायला कोणी नाही. खडकवळणला ती हलिमाबी असते.

"सिस्टर, आईशी जरा गप्पा मारत जा," मी म्हणालो.

सिस्टर लोखंडेंनी कामं वाटून दिली. सकाळच्या पाळीत नाष्ट्यानंतर एक, दुपारच्या पाळीत चहाच्या वेळी एक. ठरल्या वेळी एक सिस्टर यायची, स्टुलावर बसायची आणि विचारायची, "मग आजी, अजून काय?"

"काही नाही बाई," आई म्हणायची. ठरलेला वेळ भरला की सिस्टर उठायची.

संध्याकाळी मी नाडी बघत होतो तेव्हा आई हळूच म्हणाली, "मुकुंदाला एक फोन लाव."

"कशाला? तुझी औषधं मी बदलणार नाही. बरोबर चाललीयत."

"औषधांचं नाही. त्याला विचार, कॉट दिली का कुणाला."

मी मनगट सोडलं नाही. नाडी शहाऐंशी होती. माझी मोजली नाही. या बाईनं मला बोटाला धरून शाळेत सोडलं होतं. माझा पहिला स्टेथोस्कोप तिनं स्वतःच्या छातीवर लावून बघितला होता आणि बाहेर जाऊन गल्लीला सांगितलं होतं, माझा दम आता घरच्या घरी कळतो. आणि आता ती माझ्या लाल ब्लँकेटात बसून मला दुसऱ्याकडची कॉट राखून ठेवायला लावत होती.

"तो असं काय करतो गं तुझ्यासाठी?" मी विचारलं. "रोज येऊन बसतो का तुझ्यापाशी?"

"मुकुंदा? त्याला कुठं वेळ. येतो, 'काय काकू' म्हणतो, जातो."

"एवढंच?"

"एवढंच."

'एवढंच' कसं करतात हे मला त्या क्षणी शिकून घ्यावंसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या खोलीत आली. कानटोपी, स्वेटर, शाल, हातात बॅग, मागे तिचा हात धरून गोंधळलेली सिस्टर.

"सोड मला," आई म्हणाली.

"अजून दोन दिवस राहायला हवं."

"नाही जमत. तू बोलला होतास."

"मी डॉक्टर म्हणून सांगतोय, आत्ता सुट्टी देता येणार नाही."

"मग सहीनं सोड."

सरकारी दवाखान्यात एक पद्धत आहे. डॉक्टर नाही म्हणत असताना रुग्णाला जायचंच असेल, तर 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर' अशी त्याची सही घेतात. सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती कागद आणायला गेली. अधीक्षकाची आई अधीक्षकाच्या सल्ल्याविरुद्ध जाणार होती आणि त्यावर खाली अधीक्षकाची सही लागणार होती.

आई समोरच्या खुर्चीवर बसली. त्या दिवशी सफाईसाठी पडदे बाजूला सारलेले होते. तिनं शाल खांद्यावरून खाली घेतली. थोड्या वेळानं कानटोपी काढली. मग पाय चपलांतून बाहेर काढून लांब केले आणि डोळे मिटले. तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. मला वाटलं, विचार बदलतेय. तिच्या डोळ्यांवर थेट ऊन येत होतं, त्रास होईल म्हणून उठून मी पडदा ओढला.

तिनं डोळे उघडले आणि कानटोपी घातली.

"येऊ दे रे तो कागद," ती म्हणाली.

कागदावर जाण्याचं कारण लिहायला जागा असते. सिस्टरनं नेहमीप्रमाणे 'घरगुती कारण' लिहिलं. आईनं सही केली. तिच्याखाली मी केली.

गाडी मीच चालवली. ड्रायव्हर सोबत नको होता. आई रस्ताभर बाहेर बघत होती, घाटात एकदा म्हणाली, "तुला राग आलाय." मी म्हणालो, रस्ता खराब आहे.

खडकवळणला पोचलो तेव्हा साडेदहा-अकरा झाले होते. मी सकाळच्या वेळी तिथं कधी गेलो नव्हतो. ओपीडीची वेळ आम्हा दोघांची एकच.

रस्त्यावरूनच दिसलं. तो वाळत घालायचा लांबलचक ओटा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरला होता. लोखंडी कॉट एका ओळीत बाहेर काढलेल्या. त्यांवर आणि खाली सतरंज्यांवर म्हाताऱ्या बाया, म्हातारे पुरुष, एक-दोन आया मांडीवर पोरं घेऊन. खिडकीतून वायर बाहेर काढून वाफेचं मशीन स्टुलावर ठेवलेलं. एक आजोबा तोंडावर मास्क लावून वाफ घेत होते आणि मधेच मास्क उचलून शेजारच्याला काहीतरी टोमणा मारत होते. ऑक्सिजनचा सिलिंडर एका खांबाला सुतळीनं बांधलेला. कुणी तूर सोलत होतं. सगळ्यांच्या अंगावर ऊन होतं. पिवळं, जाड, थेट ऊन.

"आली बघ शेवाळेबाई," कॉटवरच्या हिरव्या ओढणीतल्या म्हातारीनं हाळी दिली. "मी म्हटलं, यंदा तिकडेच मुक्काम दिसतो."

"तू कशी जागा धरली असशील ते बघायला आले," आई म्हणाली.

"धरलीय ना. बस."

हलिमाबीनं पाय गोळा केले. आई कॉटवर चढली, शाल काढली आणि पाठ उन्हाकडे करून बसली. मग तिनं माझ्याकडे बोट केलं.

"हा माझा मुलगा. दरेवणीला मोठा डॉक्टर आहे."

"हा तोच का?" हलिमाबी म्हणाली. "ज्याचं तू रोज सांगतेस?"

"तोच. यंदा त्यानं इतका सुंदर वॉर्ड केलाय म्हणून सांगू. ब्लँकेटं नवीन, मशिनं नवीन. गरम पाणी नळाला. बघत राहावं असा."

"मग इथं कशाला तडफडलीस?"

"तिथं ऊन येत नाही ना गं," आई म्हणाली आणि पुढ्यातल्या तुरीच्या शेंगा ओढल्या.

मी बॅग हातात धरून उभा होतो. तेवढ्यात बच्छाव बाहेर आला, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, गळ्यात स्टेथोस्कोप. "काय काकू," तो म्हणाला, आणि तिच्या पाठीवर स्टेथोस्कोप टेकवला. "चांगली आहे की छाती. कुणी केले उपचार?"

"यानंच," आई म्हणाली.

"मग बरोबर." तो मला बाजूला घेऊन खांबापाशी आला. खांब कोमट होता.

"तुझी कल्पना?" मी विचारलं.

"कसली?"

"हे. उन्हाचं."

बच्छावनं ओट्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, मग शेताच्या बाजूला गेलेल्या आपल्या पोर्चच्या दिशेला. "माझी कसली. कंत्राटदाराची," तो म्हणाला. "माझ्या खोलीत बस जाऊन जरा. गोठशील. तिकडे दिवसभर ऊन नाही. मी सबंध हिवाळा ओपीडी कानटोपी घालून करतो." मग तो म्हणाला, "लाडू संपले रे. काकूंना सांग."

मी सांगितलं नाही. तिनं बॅगेत डबा आणला होताच.

त्या हिवाळ्यात आमच्या कक्षात बरीच माणसं बरी झाली, हे खरं आहे. फेब्रुवारीत दरेवणीला जिल्ह्यातल्या उत्कृष्ट हिवाळी सज्जतेची ढाल मिळाली. वॉर्डात उजेड कमी पडत होता म्हणून फोटो माझ्या खोलीत, पडदे उघडून काढला. फोटोत सिस्टर लोखंडेंनी डोळे किलकिले केले आहेत.

आई पुढचे सगळे हिवाळे खडकवळणला गेली. मी दर वेळी माझ्या गाडीनं सोडायचो. तिसऱ्या वर्षापासून बच्छाव मला तिथं चहा द्यायला लागला, ओट्यावर.

मधल्या काळात मी बांधकाम विभागाला एक पत्र पाठवलं होतं : आमच्या इमारतीत वॉर्ड आणि अधीक्षकांची खोली यांच्या जागा चुकल्या आहेत असं वाटतं, तरी पाहणी करून दुरुस्ती सुचवावी. एक कनिष्ठ अभियंता येऊन टेप लावून मोजून गेला. उत्तर उन्हाळ्यात आलं. इमारत मंजूर नकाशाप्रमाणेच बांधलेली आहे.